निळीच्या टाकीपाशी

लोक रात्रीचा दिवस करतात.
माझं काम उलटं होतं.
बर्लिनच्या कडेला, कालव्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये
मी दिवसाची रात्र करायचे.
शनिवारी पगार. सोमवारी त्याच पैशात निम्मे बटाटे.

चार टाक्या होत्या. दिव्याच्या उजेडाला पिवळी,
पहाटेला गुलाबी, आगीला तांबडी,
आणि ही माझी, निळीची.
लाकडी चौकटीवर गुंडाळलेली फिल्म बुडवायची,
चाळीस आकडे मोजायचे, वर काढायची.
झाली रात्र.
निथळत राहायची खिळ्यावर, टप टप.

तेव्हाच्या कॅमेऱ्याला अंधार दिसायचाच नाही.
ती जाडजूड कादंबरी
फ्राउ क्नोबेल डबा खाताना मोठ्यानं वाचायची,
आम्ही पाव हातात धरून ऐकत राहायचो,
सूप गार होऊन जायचं.
तिच्यातला तो रक्तपिपासू सरदार
मध्यरात्री कड्यावरच्या किल्ल्यातून उतरतो ना,
तो खरा उतरला भर बाराच्या उन्हात,
खोट्या भुवया घामानं सुटलेल्या.
स्वतःची शवपेटी काखोटीला मारून गल्लीतून जातो, तेव्हा
मागच्या दोरीवर कुणाचे तरी परकर वाळताहेत.
मी बुडवेपर्यंत.

एकदा तो नट स्वतः आला. लोटार झीव्हर्ट.
दाढ ठणकत होती, गाल टम्म.
खारवलेली मासळी खाता यावी म्हणून
लांब नखं काढून खिशात ठेवलेली.
म्हणाला, बाई, जरा गडद करा मला.
आई बघायला येणार आहे.

माझे हात कोपरापर्यंत निळे.
बेकरीवाला म्हणायचा, पैसे तिथं ठेवा, फळीवर.
ट्राममध्ये शेजारची जागा रिकामीच.
रक्त पिणारा पडद्यावर,
आणि विटाळ माझा.

मार्चमध्ये घाई उडाली. प्रती गावोगाव जायच्या होत्या.
त्याच दिवशी कचेरीतून कागद आला, एगोनचा.
पाच वर्षं तिथं ‘बेपत्ता’ लिहिलेलं होतं.
ते खोडून, व्यवस्थित, पट्टी लावून,
वर दुसरा शब्द.
मी कागद एप्रनमध्ये घातला आणि कामाला लागले.
चौथं रीळ कोरडंच गेलं.

आठवड्यानं आन्क्लामहून थिएटरवाल्याचं पत्र:

चौथ्या रिळात रात्र नाही.
तुमचं भूत दिवसाढवळ्या रस्त्यानं चालतं.
लोक हसले. परकर पाहून तर फारच.
मग हसू थांबलं.
उन्हात डोळे मिचकावत, खांदे पाडून,
अंगाला मोठ्या झालेल्या कोटात
एक माणूस भिंतीच्या कडेकडेनं येत होता.
आमच्याकडे असे सतरा जण परत आलेत.
तितकेच यायचे आहेत.
तिसऱ्या रांगेतली कोळसेवाल्याची बायको उठली,
पडद्याला म्हणाली, ये ना, दार उघडंच आहे.
पियानोवाल्याचे हात थांबले.
पुढचा खेळ मी केला नाही.
कृपया रात्र पाठवा.

कृपया रात्र पाठवा.
मालकानं ते वाचून दाखवलं, दोन दिवसांची मजुरी कापली.
फ्राउ क्नोबेल काही बोलली नाही,
तिनं माझी चौकट गुंडाळून दिली फक्त.

मी बुडवली. मोजायला लागले.
दहाला आभाळ गेलं.
अठराला कोटाची बटणं.
कादंबरीत लिहिलं होतं, बोलावल्याशिवाय
तो उंबरा ओलांडत नाही.
एगोन तर न बोलावताही
थेट स्वयंपाकघरात यायचा, बुटांसकट.

पंचविसाला मी चौकट वर काढली.

आन्क्लामला रात्र पोचली.
थोडी फिकी निघाली म्हणे.
परकर दिसतात तिच्यात, नीट पाहिलं तर,
आणि त्याचा चेहरा.